ईएसआयची २१,००० ची मर्यादा, नवी संहिता आणि तुमची पेमेंट स्लिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन महिने आमच्याकडे सारखेच जातात. पगारवाढ झालेले कामगार पेमेंट स्लिप घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, ईएसआयचा रकाना कोरा कसा?" भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं मी सतरा वर्षं केली. आता दर रविवारी कामगारांच्या शंका ऐकायला बसतो. खालचे प्रश्न तिथेच पुन्हा पुन्हा येतात. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना; ती महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच लागू होते. ही मर्यादा वाढवावी की नाही यावर माझं मत पक्कं आहे आणि ते मी लपवलेलं नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही जसं ऐकलं तसं मांडलं आहे.

ईएसआय म्हणजे सरकारी मेडिक्लेमच ना?

नाही. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देतो. ईएसआय उपचार देतो आणि आजारपणात बुडालेल्या पगाराचा मोठा भागही देतो. आजारी पडून सिक टाकली, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग अशा ठरावीक ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, तीही दोन वर्षांपर्यंत. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत ९० टक्के, आणि त्यासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्याच दिवशी बोट मशीनमध्ये गेलं तरी हक्क लागू. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतन. कामगार अपघातात गेला तर विधवेला आणि मुलांना पेन्शन.

यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. तुमचं वय काय, साखर आहे का, आधी ऑपरेशन झालं होतं का, हे कोणी विचारत नाही. हप्ता वेतनावर ठरतो, आजारावर नाही. घरात आजारी आईवडील असलेल्या माणसाला या एका गोष्टीचं मोल विचारा.

हा कायदा कोणी आणला?

१९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवण्यात आलं. त्यांचा अहवाल १९४४ चा. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली.

आज देशात साडेतीन कोटींहून जास्त विमेदार आहेत. घरची माणसं धरली तर आकडा १४ कोटींच्या घरात जातो.

१९४८ चा कायदा रद्द झाला म्हणतात. मग आमचं काय?

कायदा गेला, योजना आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि ईएसआय कायदा तिच्यात विलीन झाला. तुमचा विमा क्रमांक तोच, दवाखाना तोच. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तर ते एक वर्षापर्यंत चालू राहतात.

बदलाच्या मोठ्या बाबी अशा. पूर्वी सरकारनं अधिसूचना काढलेल्या भागातच योजना लागू व्हायची. आता देशभर, जिथे १० किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे. धोकादायक काम म्हणून सरकारनं ठरवलेल्या ठिकाणी एक कामगार असला तरी. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला, मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर, स्वखुशीनं येता येतं. चहाकॉफीच्या मळ्यांनाही दार उघडलं आहे. आणि 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात कमी चर्चा तिचीच होते.

२१,००० ची मर्यादा कधीपासून आहे?

१ जानेवारी २०१७ पासून. दिव्यांग कामगारांसाठी ती २५,००० आहे.

सुरुवातीच्या कायद्यात ही मर्यादा ४०० रुपये होती. अलीकडचा क्रम बघा : १९९७ मध्ये ६,५००, २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि २०१७ मध्ये २१,०००. या यादीतला सगळ्यात लांब थांबा आत्ताचाच आहे. दरम्यान दिल्लीत कुशल कामगाराचं किमान वेतनच एप्रिल २०२५ पासून २२,४११ रुपये झालं. कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन घेणारा कुशल कामगार ईएसआयच्या लेखी 'जास्त पगारवाला' ठरतो. हे मला कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही.

पाचशे रुपयांची वाढ मिळाली आणि ईएसआय बंद झाला. असं कसं?

हिशोब मांडू. तुमचं वेतन २०,८०० होतं. तुमचे १५६ रुपये कापले जात होते, मालक ६७६ भरत होता. एकूण ८३२ रुपयांत तुम्ही, बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा उपचार आणि तुमच्या पगाराची हमी. वेतन २१,३०० झालं. हातात ५०० वाढले, कपातीचे १५६ वाचले. म्हणजे ६५६ रुपये जास्त. या ६५६ रुपयांत आईवडिलांसकट कुटुंबाचा मेडिक्लेम बसवून दाखवा. साठी ओलांडलेले आईबाप असतील तर हप्त्याचा आकडा ऐकूनच माणूस गप्प होतो. आणि मेडिक्लेम घेतलाच तरी आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आमच्याकडे एक टर्नर येतो. वडिलांचं डायलिसिस ईएसआयच्या टाय-अप, म्हणजे ईएसआयशी करार असलेल्या, हॉस्पिटलमध्ये चालू होतं. त्यानं कंपनीत लेखी अर्ज दिला की मला पगारवाढ नको. कामगारानं वाढ नाकारण्याचा अर्ज मी सतरा वर्षांत तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर आणखी पाहिले.

मर्यादा ओलांडली की त्याच दिवशी सगळं बंद होतं का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण कंपनीतले कारकूनही इथे चुकतात. वर्गणीचे दोन काळ असतात : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू झाल्यावर मध्येच वाढ झाली तर तो काळ संपेपर्यंत तुम्ही विमेदारच राहता आणि वर्गणी वाढीव वेतनावर कापली जाते. वाढ मे महिन्यात लागू झाली तर ३० सप्टेंबरपर्यंत कपात चालू राहायला हवी. १ एप्रिललाच लागू झाली तर त्याच दिवसापासून तुम्ही बाहेर.

लाभाचे काळ वेगळे. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. म्हणून सप्टेंबरअखेर बाहेर पडलेला माणूस पुढच्या ३० जूनपर्यंत उपचार घेऊ शकतो. "तुझा ईएसआय संपला" असं ऐकून ऑक्टोबरमध्येच खासगी दवाखान्यात कर्ज काढणारे मी पाहिले आहेत.

मर्यादा ३०,००० करायला विरोध कोणाचा?

२५,००० आणि ३०,००० हे दोन्ही आकडे बरेच दिवस चर्चेत आहेत. कामगार संघटना ३०,००० किंवा त्याहून जास्त मागतात. लहान कारखानदार म्हणतात, आमचा खर्च वाढेल. ३०,००० वेतनावर मालकाचा वाटा ९७५ रुपये होतो, कामगाराचा २२५. सुट्या भागांचा जॉबवर्क करणाऱ्या, पंचवीस माणसांच्या वर्कशॉपला महिन्याला ९७५ गुणिले दहा-बारा माणसं हा आकडा जाणवतो. त्यांची हिशोबाची वही मी स्वतः लिहिली आहे, त्यामुळे ही तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पण त्याच वहीची दुसरी बाजूही मला माहीत आहे. कामगार ईएसआयच्या बाहेर गेला की कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. बाई बाहेर गेली की २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा मालकानं स्वतःच्या गल्ल्यातून द्यायची. हाच खर्च ईएसआयमध्ये सगळ्या मालकांत वाटला जातो. एका अपघातानं लहान वर्कशॉप बसतं, आणि लग्न ठरलेल्या मुलीला कामावर घेताना कपाळाला आठ्या पडतात, त्यामागे हा हिशोब असतो. महिन्याचे ९७५ रुपये त्यापुढे स्वस्त आहेत.

तिसरा विरोध कामगारांचाच. २८,००० घेणारा पोरगा म्हणतो, "दवाखान्यात जायचं नाही, मग २१० रुपये का कापता?" त्याला उत्तर देण्याआधी पुढचा प्रश्न वाचायला हवा.

रुग्णालयांची ही अवस्था असताना आणखी माणसं आत कशाला घ्यायची?

सगळ्यात खरा आक्षेप हाच. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीतल्या ईएसआय रुग्णालयाला आग लागली, माणसं गेली. औषध नाही म्हणून बाहेरून आणायला सांगणं, तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एकदाच येणं, रेफरच्या, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याच्या, कागदासाठी दोन खाडे होणं, हे आमच्याकडे दर रविवारी ऐकायला मिळतं. माझ्या स्वतःच्या घरातल्या माणसाची एक साधी शस्त्रक्रिया तीनदा पुढे ढकलली गेली होती. त्यामुळे मी कोणाच्या चिडण्याला उत्तर देत बसत नाही.

फक्त पैशाचा माग काढा. १ जुलै २०१९ पर्यंत एकूण वर्गणी ६.५ टक्के होती : मालकाचे ४.७५, कामगाराचे १.७५. ती ४ टक्क्यांवर आणली गेली. २०,००० वेतनावर कामगाराचे २०० रुपये वाचले, मालकाचे ३००. एका फटक्यात वर्गणीचा दर ३८ टक्क्यांनी खाली आला. निधी शिल्लक पडतो म्हणून दर कमी केला, असं समर्थन होतं. शिल्लक पडतो याचाच अर्थ तो औषधांवर, खाटांवर आणि डॉक्टरांच्या भरतीवर खर्च झाला नव्हता! माझ्या मते २०१९ चा निर्णय चुकीचा होता. कामगाराचा हिस्सा कमी केला हे ठीक, मालकांच्या हिश्शाचा पैसा इमारतींत आणि माणसांत घालायला हवा होता.

दुसरी अडचण दोन घरच्या पाहुण्याची. पैसा ईएसआय चालवणाऱ्या केंद्राच्या महामंडळाचा, पण बहुतेक दवाखाने आणि रुग्णालयं राज्य सरकार चालवतं. मुलुंड, वरळी, चिंचवडचं मोहननगर, सोलापूर इथली राज्याची; अंधेरी, बिबवेवाडी थेट महामंडळाची. वैद्यकीय खर्चात महामंडळाचे सात भाग, राज्याचा एक. भरती रखडली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

३०,००० वेतनावर दरमहा एकूण १,२०० रुपये जमा होतात, १५,००० वर ६००. उपचार दोघांना सारखेच. म्हणजे जास्त वेतनाचा माणूस आत राहिला तर निधीला बळच मिळतं. शिवाय तक्रार लिहायला, माहिती अधिकारात विचारायला हाच माणूस पुढे असतो. तो बाहेर काढला की मागे राहतो तो न बोलणारा.

ईएसआय की मेडिक्लेम, ही निवड कामगारालाच का देत नाहीत?

हा प्रस्ताव खरोखर आला होता. २८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली यांनी म्हटलं की ईपीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय यांच्याकडे ग्राहक नाहीत, ओलीस आहेत. आणि कामगाराला ईएसआय किंवा विमा नियामकानं मान्य केलेली आरोग्य पॉलिसी यांपैकी एक निवडू द्यावं. ओलीस हा शब्द अनेक कामगारांना पटला, हे मला माहीत आहे. संघटनांनी प्रस्तावाला विरोध केला.

मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा. तरुण, धडधाकट, बिनलग्नाचे आधी बाहेर पडतील. आत राहतील मधुमेहाचे, डायलिसिसचे, म्हाताऱ्या आईबापांचे. मग चार टक्क्यांत भागणार नाही, दर वाढेल, आणि आणखी लोक निघतील. पॉलिसी पगार देत नाही, पॉलिसी पेन्शन देत नाही. बाहेर पडलेला पोरगा चाळिशीत बायपासची चिठ्ठी घेऊन परत येईल तेव्हा त्याला कोण आत घेणार?

'वेतना'च्या नव्या व्याख्येनं आमचं भलं होईल की नुकसान?

दोन्ही. म्हणून सावध राहा.

जुन्या कायद्यात घरभाडे भत्ताही वेतनात धरला जायचा. संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगार टिकवण्यासाठी दिलेला). घरभाडं, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम वगैरे वगळले जातात. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर जास्तीचा भाग पुन्हा वेतनात धरायचा.

समजा, मूळ आणि महागाई मिळून १६,००० आणि घरभाडं ७,०००. एकूण २३,०००. जुन्या हिशोबानं हा कामगार बाहेर. नव्या व्याख्येनं त्याचं वेतन १६,०००, म्हणजे आत. बाहेर पडलेले असे अनेकजण परत येऊ शकतात. ही चांगली बाजू.

आता आधीपासून आत असलेली बाई घ्या. १४,००० मूळ आणि महागाई, ६,००० घरभाडं. पूर्वी तिची वर्गणी २०,००० वर होती, म्हणून आजारपणात महिन्याला सुमारे १४,००० मिळाले असते. आता वेतन १४,०००, म्हणून ७० टक्क्यांनी ९,८००. बाळंतपणाच्या सहा महिन्यांत फरक ३६,००० रुपयांच्या आसपास जातो. कपात महिन्याला ४५ रुपयांनी कमी झाली, आणि त्यापायी एवढं गेलं. कंपन्या स्लिपवर घरभाड्याचा आकडा फुगवतात तेव्हा ती केवळ कागदी हातचलाखी राहत नाही. करार करताना मूळ पगार वाढवून मागा. हे वाक्य मी रविवारी किमान पाच वेळा म्हणतो.

महात्मा फुले योजना सगळ्यांना लागू झाली आहे. मग ईएसआय हवाच कशाला?

२०२३ मध्ये राज्य सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. चांगली गोष्ट आहे. ईएसआय सुटला तर तिचा आधार जरूर घ्या. पण ती यादीतल्या ठरावीक उपचारांसाठी, रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. महिन्याची रक्तदाबाची गोळी, ओपीडी, तीन महिने घरी पडून राहिल्यावरचा पगार हे तिच्यात नाही. कामगाराचं घर आजारपणात मोडतं ते पुष्कळदा बिलानं नाही, खाड्यांनी.

सासूसासऱ्यांना लाभ मिळतो का?

संहितेत महिला कर्मचाऱ्याच्या अवलंबून असलेल्या सासूसासऱ्यांचा समावेश कुटुंबात केला आहे. त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा असते. नाव नोंदवून घ्या.

मी डिलिव्हरीचं काम करतो. मला ईएसआय मिळेल?

आज थेट नाही. संहितेत गिग, म्हणजे तुमच्यासारख्या ॲपवरून काम घेणाऱ्या, कामगारांसाठी वेगळा निधी आहे : ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. शिवाय केंद्र सरकारनं स्वतंत्र योजना आखली तर ईएसआयचे लाभ गिग आणि असंघटित कामगारांना देता येतील असं कलम ४५ मध्ये आहे. कलम हातात आहे. योजना मागायला हवी.

कंत्राटदार पैसे कापतो, पण भरत नाही.

हा गुन्हा आहे. पगारातून कापलेली वर्गणी न भरल्यास किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड. वर्गणी जमा होते का, हे विमा क्रमांकानं ऑनलाइन बघता येतं. दर महिन्याला बघा. स्लिपा फेकू नका. ज्याच्या कारखान्यात काम करता त्या मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही, म्हणून तक्रार दोघांच्या नावानं करा.

निवृत्तीनंतर काय?

किमान पाच वर्षं विमेदार राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपयांत स्वतःचा आणि जोडीदाराचा उपचार मिळतो. मर्यादा ओलांडल्यामुळे मध्येच बाहेर पडलेले यातून सुटत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळानं त्यांच्यासाठी अट सैल केली आणि निवृत्तीच्या वेळी ३०,००० पर्यंत वेतन असलेल्यांना पात्र धरलं. निवृत्तासाठी ३०,००० चालतात, तर मशीनवर उभ्या असलेल्या माणसासाठी २१,००० का?

तुमची मागणी थोडक्यात सांगा.

मर्यादा दर वर्षी महागाई भत्त्याच्या निर्देशांकाबरोबर आपोआप सरकावी. आणि एकदा आत आलेल्या कामगाराला पगारवाढीमुळे बाहेर काढू नये; मर्यादेच्या वर वेतन गेलं तर मर्यादेइतक्या रकमेवर वर्गणी घ्या, नगदी लाभही तेवढ्यावरच द्या, पण नाव काढू नका. आकडा २५,००० की ३०,००० या वादात पुढची पाच वर्षं जातील आणि आकडा पुन्हा जुना होईल.

यासाठी संसदेत कायदा बदलावा लागेल का?

मर्यादेचा आकडा केंद्र सरकार अधिसूचनेनं बदलू शकतं. म्हणूनच इतका उशीर समजण्यापलीकडचा आहे. वेतन ओलांडल्यावरही आत ठेवायचं, तर मात्र संहितेतल्या 'कर्मचारी' या व्याख्येला हात लावावा लागेल. नियमांचे मसुदे राजपत्रात येतात, हरकतींसाठी मुदत असते. पोस्टानं किंवा ईमेलनं साध्या मराठीत लिहिलेली हरकतही हरकतच असते. महामंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रत्येकी दहा प्रतिनिधी आणि तीन खासदार बसत आले आहेत. तुमच्या संघटनेचा माणूस तिथे असेल तर मागच्या बैठकीत तो काय बोलला, ते विचारा.

पगारवाढीचं पत्र आजच हातात आलं. काय करू?

वाढ कोणत्या तारखेपासून आहे ते बघा. मूळ पगार, महागाई, घरभाडं वेगवेगळं लिहून आणा आणि नव्या व्याख्येनं वेतन किती होतं ते कारकुनाकडून लेखी घ्या. चालू वर्गणीकाळ संपेपर्यंत कपात थांबू देऊ नका. घरात कोणाचा उपचार चालू असेल तर लाभकाळ कधी संपतो ती तारीख त्याच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि रखडलेली तपासणी, शस्त्रक्रिया, रेफर, सगळं त्या तारखेच्या आत मागून घ्या. येताना मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा सोबत आणा.